एर्मिलेच्या नावाचा प्याला

झेदुबानी,
१२ फेब्रुवारी १९९८

ती. माक्रिनेताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार तुला एक आणि तुझ्या गुडघ्यांना दोन. हल्ली तुझ्या पत्रांतून तुझ्यापेक्षा त्यांचीच खुशाली अधिक कळते, तेव्हा मानही त्यांनाच जास्त.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझी भावजय देस्पिने बरी आहे. मी बरा आहे की नाही याबद्दल तिचं मत वेगळं आहे. वीज संध्याकाळी जाते आणि ती गेली की सगळं गाव एका सुरात तिच्या मातोश्रींची विचारपूस करतं. शाळेत माझ्या जुन्या भाषेच्या तासाला यंदा मुलांची गर्दी आहे, कारण त्या एकाच खोलीतली शेगडी शाबूत आहे. मी तक्रार करत नाही. धातुरूपं पाठ करताना विद्यार्थ्यांचे दात वाजत नाहीत, हेही काही कमी नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. हातात बशी असेल तर आधी खाली ठेव.

जॉर्जियाच्या कपाच्या पुढच्या फेरीच्या चिठ्ठ्या परवा निघाल्या. आपला ‘मेचाये’ या फेरीपर्यंत पोचला, हे तू ऐकलंच असशील. चहा खुडणाऱ्यांचा क्लब, दुसऱ्या विभागात तळाला, गोलपोस्टच्या मागे म्हशी. पण दोन सामने चिखलाने जिंकून दिले. चिठ्ठीत आपल्यासमोर राजधानीचा ‘इसारी’ आला आहे. क्लब लहान असेल त्याच्या मैदानावर सामना, हा नियम असल्यामुळे ते लोक इथे येणार. इसारीचा प्रशिक्षक वार्देन छाइद्झे आहे.

लिहून टाकलं एकदाचं. दोन दिवस पेन कानावर ठेवून फिरत होतो.

सामन्याच्या आदल्या दुपारी पाहुण्या संघाला क्लबाच्या दालनात जेवण घालायचं, हा आपला शिरस्ता तसाच आहे, आणि पंक्तीचा तमादा म्हणून समितीने मला नेमलं आहे. कोणता प्याला कुणाच्या नावाने आणि केव्हा उचलायचा, हे सगळं त्या दुपारी माझ्या हाती. समितीत कुणाला आठवलं नाही की मी एर्मिलेचा मेव्हणा आहे. किंवा आठवलं आणि म्हणूनच नेमलं. गुरियातल्या माणसांच्या पोटातलं गुरियातल्या माणसालाही कळत नाही.

पत्र लुआर्साबच्या मिनीबसने पाठवतो आहे. उत्तर त्याच्याच हाती दे, आणि दोन दिवस थांबून लिही. (थांबणार नाहीस हे माहीत आहे. भावाचं कर्तव्य म्हणून सांगितलं.)

माया पूर्वीइतकीच ठेव, सल्ले थोडे कमी पाठव.

तुझा,
दोमेंती

———

कुटाईसी,
१३ फेब्रुवारी

चि. दोमेंतीस,

अ. आ. आशीर्वाद तुला, शाप कुणाला, ते खाली येईलच.

बशी फुटली नाही. ती मी वार्देनच्या डोक्यासाठी राखून ठेवली आहे.

अरे, दिवसभर मी घरात नुसती येरझाऱ्या घालते आहे, गुडघे विसरले. एर्मिलेला जाऊन तीन महिने झाले. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तू होतास ना पंक्तीत? म्हातारा नेस्टोर काय बोलला ते ऐकलंस ना? म्हणाला की बिचारा शिंग्या, माणूस देवासारखा होता, दारूने कप घालवला नसता तर. माझ्या घरात, माझ्या अन्नावर, माझ्या नवऱ्याच्या तसबिरीखाली बसून! आणि वाईट मनाने नाही बोलला तो, हेच जास्त लागलं. शिंग्या हेच त्याचं नाव आहे असं त्याला वाटतं. सगळ्या गुरियाला वाटतं.

एकाहत्तरच्या त्या कपाच्या वेळी तू सैन्यात होतास. तुला ऐकीव माहीत आहे. म्हणून आज सांगते, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एर्मिलेने मला शपथ घातली होती. तो गेला, शपथ त्याच्याबरोबर गेली.

उपांत्य फेरी होती. तेव्हाही इसारीच आले होते, तेव्हाही क्लबात पंगत होती, आणि तमादा होता वार्देन, आपल्याच संघाचा कप्तान. एर्मिलेच्या वडिलांना जाऊन महिनाही झाला नव्हता. पंगतीआधी एर्मिले वार्देनला मागच्या अंगणात घेऊन गेला आणि म्हणाला की उद्या मला गोलात उभं राहायचं आहे, माझे हात स्थिर हवेत, तेव्हा मृतांचा प्याला उचलशील तेव्हा माझ्या बापाचं नाव घेऊ नकोस. नाव घेतलंस तर मला दारूचं शिंग रिकामं करावंच लागेल. वार्देनने भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली की नाही घेणार. आणि पंक्तीत उठून पहिलं नाव घेतलं ते त्याच्याच बापाचं! मोठं शिंग भरून हाती दिलं. मग आजोबांचं. मग युद्धात गेलेल्या काकांचं. पोरगा सगळ्यांसाठी प्यायला. बापाच्या नावाचा प्याला कोण खाली ठेवेल?

दुसऱ्या दिवशी चार गोल. पुढच्या हंगामात वार्देन इसारीत. आणि माझा नवरा जन्माचा शिंग्या. चहाच्या कारखान्यात शिंग्या, न्हाव्याकडे शिंग्या, साम्त्रेदियाच्या स्टेशनावर तिकीट देणारासुद्धा शिंग्या म्हणायचा. आम्ही गाव सोडून इथे आलो, तर नाव आमच्याआधी येऊन पोचलेलं. त्यानंतर त्याने हातमोजे कधी घातले नाहीत, आणि त्या शपथेबद्दल माझ्याशिवाय कुणापुढे बोलला नाही. बापाच्या प्याल्याबद्दल तक्रार करणारा मुलगा व्हायचं नव्हतं त्याला.

तर ऐक. तू तमादा आहेस. तसंच शिंग भर आणि इसारीच्या गोलकीपरला पाज, त्याला एकाचे तीन चेंडू दिसेपर्यंत पाज. त्याच्या सात पिढ्यांची नावं काढून ठेव. आणि वार्देनपुढे बियर ठेव. बियरचा प्याला आपण कुणासाठी उचलतो ते त्याला सांगावं लागणार नाही, वैऱ्यासाठी. सगळ्या गावासमोर उचल आणि त्याच्याकडे बघून पी.

भाऊ असशील तर करशील. नसशील तर नुसता व्याकरणाचा मास्तर.

देस्पिनेला माझा आशीर्वाद. तिला सांग, कोंबड्या त्याच्यासाठी मुळीच कापू नकोस.

माझा जीव तुझ्यावर आहेच. तो या महिन्यात सिद्ध करायची पाळी तुझी.

तुझी ताई,
माक्रिने

———

झेदुबानी,
१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. लुआर्साब म्हणाला की ताई खिडकीतून पत्र देताना हसत होत्या, आणि त्यांना तसं हसताना पाहून आपल्याला घाम फुटला.

पत्र तीनदा वाचलं. भाकरीवरच्या शपथेचा मजकूर वाचल्यावर बाहेर जाऊन लाकडं फोडली. लाकडांची गरज नव्हती. देस्पिनेने विचारलं, मी म्हटलं व्यायाम. ती म्हणाली की या वयात व्यायामाचे विचार येणं हे लक्षण बरं नाही.

आता तुझ्या योजनेचं परीक्षण. रागावू नकोस, मास्तर आहे, हातात लेखन आलं की तांबडं पेन आपोआप उघडतं.

प्रथम, इसारीचा गोलकीपर पिणार नाही. हल्लीचे हे खेळाडू नैष्ठिक ब्रह्मचारी असतात. स्वतःचं पाणी बाटलीतून आणतात. द्वितीय, समज तो प्यायला आणि आपण जिंकलो. त्याने काय शाबीत होईल? दारूने सामना जातो, हेच. म्हणजे गेली सत्तावीस वर्षं गाव जे म्हणतं आहे त्यावर आपणच शिक्का मारायचा. तृतीय, बियर. माझ्या पंक्तीत बसलेला माणूस फाटकाबाहेर पडेपर्यंत पाहुणा आहे. तो वार्देन असला तरी. तू म्हणशील मी भित्रा आहे. मी म्हणतो, एक मोडलेला नियम त्याच्या खात्यावर आहे, तो तिथे एकटाच शोभून दिसू दे.

तुझा राग मात्र मला संपूर्ण मान्य आहे. किंबहुना तो मला थोडा कमीच वाटतो.

अडचण कुठे आहे बघ. गावाच्या लेखी एर्मिलेने आपल्या बापासाठी प्याला रिकामा केला. यात वार्देनचा दोष काय? दोष एवढाच की त्याने आधी शपथ घेतली होती, आणि ती दोघांशिवाय कुणी ऐकली नाही. त्यातला एक गेला. दुसरा पुढच्या महिन्यात माझ्या उजव्या हाताला बसायला येतो आहे.

तेव्हा मी असं करणार. मृतांचा प्याला मी एर्मिलेच्या नावाने उचलीन, दोन शब्द बोलेन आणि अलावेर्दी वार्देनला देईन. तमादाने ज्याला अलावेर्दी दिली त्याने उभं राहून त्याच विषयावर बोललंच पाहिजे. नाही म्हणायची सोय देवाने ठेवलेली नाही. आणि मेलेल्याच्या नावाचा प्याला हाती धरून खोटं बोललेला माणूस मी गुरियात पाहिलेला नाही. राजधानीत ती प्रथा निघाली असेल तर कळव.

तुला त्याच्याकडून काय हवं आहे ते मात्र नीट लिही. माफी, अश्रू, की डोकं? माझ्याजवळ बशी नाही.

लोभात खंड पडू न देता रागातही सातत्य राखावं.

तुझा,
दोमेंती

———

कुटाईसी,
२३ फेब्रुवारी

चि. दोमेंतीस,

आशीर्वाद.

लहानपणी कुणी तुला ढकललं तर तू आधी त्याने वापरलेली शिवी शुद्ध आहे का ते तपासायचास. पन्नाशी उलटली, फरक नाही. पण तुझं म्हणणं मला पटलं, आणि ते पटलं याचाही राग आला आहे.

माफी नको. ती घेऊन मी काय करू, लोणचं घालू? अश्रूही नकोत, त्याला ते केव्हाही येतात, लहानपणी मार चुकवायला यायचे. मला ते वाक्य हवं आहे. एर्मिलेने माझ्याकडे विनवणी केली होती, मी भाकरीवर शपथ घेतली होती, आणि तरी मी शिंग दिलं. एवढंच. त्याच्या तोंडून, झेदुबानीत, मोठ्याने. नेस्टोरला ऐकू जाईल इतकं मोठ्याने, आणि नेस्टोर उजव्या कानाने बहिरा आहे हे ध्यानात ठेव.

जपून राहा. वार्देन बोलण्यात तुला घडी घालून खिशात टाकील. राजधानीत लोक त्याला लग्नाला खास बोलावतात, त्याचे प्याले ऐकायला. त्याने तुला रडवलं तर मला तोंड दाखवू नकोस.

मी स्वतः आले असते. त्याच्या समोर काळ्या कपड्यांत नुसती बसले असते, एक घास न खाता. पण वर्ष सरायच्या आत विधवेने पंगतीच्या घरात पाऊल टाकायचं नाही, आणि नियम मोडणारा एकच असू दे असं तूच म्हणतोस.

लुआर्साबबरोबर वाइनचा एक कॅन पाठवते आहे. सांडू नको म्हणावं, सांडलं तर मी त्याच्या मिनीबसखाली झोपेन. एर्मिलेने ऑक्टोबरात द्राक्षं स्वतः तुडवली होती, खोकत खोकत. परवा जमिनीतला रांजण उघडला. चव घेतली नाही मी. त्या प्याल्यात हीच ओत.

बाकी मी इथे गुडघ्यांवर बसून प्रार्थना करते आहे. कशासाठी ते पाद्र्याला सांगितलेलं नाही.

तुझी,
ताई

———

झेदुबानी,
९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. निकाल आधी सांगतो, म्हणजे तू पानं उलटत बसणार नाहीस. सामना आपण एक-चार असा हरलो. आपला गोल बहुधा ऑफसाइड होता, पण पंच कुटाईसीचा असल्याने संकोची निघाला. आता सामन्याआधीची दुपार.

इसारीची बस बारा वाजता आली. पाऊस लागला होता. वार्देन उतरला, रुंद झाला आहे, उंटाच्या रंगाचा कोट, केस अजून सगळे. उतरताच त्याने नेस्टोरला मिठी मारली, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हात चुंबले, आणि मला म्हणाला की दोमेंती, तू इतका म्हातारा कसा झालास, मी तर तुझ्याहून मोठा आहे. लोक हसले. मीही हसलो. यजमान होतो.

देस्पिनेने कोंबड्या कापल्या होत्या, तुझा निरोप पोचूनही. म्हणाली, कोंबड्या खेळाडूंसाठी आहेत, त्यांनी काय केलंय? अक्रोडाच्या रश्शातली कोंबडी, मक्याची भाकरी, अंडं आणि चीज भरलेली आपली चंद्रकोरी खाचापुरी. खेळाडूंनी वरचा सगळा रस्सा पुसून कोंबडी खाल्ली आणि पाणी प्यायले. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या बायकांचे चेहरे असे झाले की जणू कुणी देव्हाऱ्यावर टोपी टांगली.

देवाचा प्याला झाला, शांततेचा झाला, देशाचा झाला, पाहुण्यांचा झाला. मग तुझा कॅन उघडला. मोठं शिंग भरलं, उभा राहिलो, गाव उभं राहिलं. गेलेल्यांची नावं घेतली आणि शेवटी एर्मिलेचं घेतलं. म्हणालो की याच दालनात, अशाच एका दुपारी, अशाच सामन्याच्या आधी काय झालं ते इथे एकाच माणसाला पूर्ण ठाऊक आहे. अलावेर्दी वार्देनला. शिंग दिलं.

आणि तो बोलला, ताई. काय बोलला! एर्मिलेचे हात आठवून बोलला. ओल्या मैदानावरही चेंडू त्याच्या तळव्याला चिकटायचा, आणि तो चेंडू छातीशी धरायचा तेव्हा कुणाचं तरी लेकरू सांभाळल्यासारखा दिसायचा. असा गोलकीपर त्याने पुन्हा पाहिला नाही, आणि एका दिवसावरून माणसाला तोलणाऱ्या जगाला लाज वाटली पाहिजे. नेस्टोर रडला. देस्पिने रडली. तुझ्या अटीप्रमाणे मी रडलो नाही, पण नाक ओढलं, ते तू क्षमा करशील. शपथेबद्दल अक्षर नाही. एक अक्षर खोटं नाही आणि एक अक्षर खरं नाही. शिंग तळापर्यंत प्यायला, उलटं करून दाखवलं, आणि बसला.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी, तू म्हणाली होतीस तसा, घडी होऊन त्याच्या खिशात होतो. एर्मिलेचं मरण त्याने कोटाला फूल लावावं तसं लावलं होतं. आता मी प्याला पुरा झाला असं म्हणायचं, सगळ्यांनी प्यायचं आणि बसायचं.

मी म्हटलं नाही.

ताई, हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलंच नाही. मग सावकाश म्हणालो की हा प्याला अजून पुरा झालेला नाही, पाहुणा काहीतरी मागे ठेवून बसला आहे, त्याला आठवेपर्यंत आपण थांबू. आणि उभा राहिलो, हातात भरलेला प्याला धरून. तुला ठाऊक आहे, मृतांचा प्याला उघडा असताना कुणी प्यायचं नाही, खायचं नाही, बसायचं नाही, आणि पंगत सोडून तर जायचंच नाही. सगळं गाव प्याले धरून उभं. वार्देन हसला, म्हणाला की दोमेंतीने वर्गात उभं केलंय आपल्याला. कुणी हसलं नाही. त्याला पुन्हा उठावं लागलं. एक जुना किस्सा सुरू केला. नेस्टोर म्हणाला की वार्देनिको, प्याला उघडा आहे, किस्से नंतर. इसारीच्या दोन तरुणांनी बाहेर जायला पाऊल उचललं, तर त्यांचा मालिशवाला, कुणीतरी इमेरेतीचा म्हातारा, त्याने त्यांना बाहीला धरून मागे ओढलं आणि झापलं की तुमच्या घरात कुणी मेलं नाही का रे?

पाऊस पत्र्यावर वाजत होता. अन्न निवलं. हात अवघडले लोकांचे, पण प्याला कुणी खाली ठेवला नाही. तेव्हा वार्देन माझ्या कानाशी येऊन पुटपुटला की तुला काय पाहिजे, सोड ना, उद्या पोरांना खेळायचंय. मी म्हटलं की एर्मिलेलाही दुसऱ्या दिवशी खेळायचं होतं, आणि त्याने तुला अंगणात नेऊन तेच सांगितलं होतं.

त्याचा चेहरा पडला. माक्रिने, असं म्हणाला, तुझं नाव; मला कुणी सांगितलं ते त्याला कळलं. मग पुटपुटत ते वाक्य बोलला. मी म्हटलं की नेस्टोरला उजव्या कानाने ऐकू येत नाही. तेव्हा मोठ्याने बोलला. एर्मिलेने विनवलं होतं, मी भाकरीवर हात ठेवला होता, आणि तरी बापाचं नाव घेऊन शिंग दिलं. तुझंच वाक्य, जवळपास शब्दशः.

तिथे थांबला असता तर मी प्याला पुरा केला असता. पण उघडलेलं तोंड मिटेना त्याचं. म्हणाला की इसारीचे लोक त्या वर्षी मला बघायला आलेच नव्हते. ते एर्मिलेसाठी आले होते. सामना संपला की त्याला राजधानीत न्यायचं ठरलं होतं. हे एकट्या कप्तानाला सांगितलं होतं, एर्मिलेला सांग म्हणून. त्याने सांगितलं नाही. चार गोल झाल्यावर ते म्हणाले, मग तू चल.

हे तुला लिहू की नको असा विचार करत दोन दिवस गेले. लिहितो. तुझं आहे ते.

मी प्याला पुरा केला. एर्मिलेची वाइन सगळे तळापर्यंत प्यायले. चांगली झाली आहे, जराशी आंबट. वार्देनशी पुढे कुणी बोललं नाही. वाढत मात्र सगळे होते, पाहुणा होता. गावात असा वाढलेला घास गिळणं किती कठीण असतं ते तू जाणतेस.

सामन्यात कुणी शिटी मारली नाही, शिवी दिली नाही. त्याचेच खेळाडू गोल करून आले की त्याच्याकडे न जाता त्या मालिशवाल्याकडे जात. आपल्या गोलकीपरने एकदा पेनल्टी अडवली, तेव्हा नेस्टोर काठी उंचावून ओरडला की वा रे एर्मिले! नुसतं एर्मिले. मागेपुढे काही नाही. मग सगळं मैदान तेच ओरडत राहिलं, आपल्यावर चौथा गोल झाला तरी.

लोभ आहेच, पण आज थोडा मोठा घास मागतो: मला लगेच लिही.

तुझा,
दोमेंती

———

तिबिलिसी,
२० मार्च

श्रीमती माक्रिने यांस,

स. न. वि. वि. पत्र पाहून फाडू नकोस, वाच आणि मग फाड.

झेदुबानीहून आल्यापासून झोप नाही. सामना जिंकलो, पुढची फेरीही जिंकलो, पण ड्रेसिंगरूममध्ये शिरलो की पोरांचं बोलणं थांबतं. मी तेव्हा पोरगाच होतो. एर्मिले माझ्यापेक्षा चांगला होता आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं, हे सहन झालं नाही. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

एकदा कबरीवर येऊ दे मला. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, कुणी नसताना. मेणबत्ती लावीन आणि निघून जाईन. कुणाला कळायची गरज नाही. इसारीच्या वतीने चांगला काळा दगड बसवतो, हातमोजे कोरलेला. तू क्षमा केलीस एवढं एका ओळीत कळवलंस तरी माझं उरलेलं आयुष्य सुसह्य होईल.

जुन्या ओळखीला स्मरून कृपा असावी.

वार्देन छाइद्झे

———

कुटाईसी,
२७ मार्च

श्री. वार्देन छाइद्झे यांस,

नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला.

पूर्वी मी तुम्हाला अरे-तुरे करत असे. ते घरच्या माणसाला. तुम्ही मला अजूनही करता, ते या पत्रापासून थांबवावं.

आतापर्यंत मला वाटत होतं तुम्ही त्याचं नाव नेलंत. भावाच्या पत्रातून कळलं की तुम्ही त्याचं जगणं नेलंत आणि वर ‘शिंग्या’ हे नाव लावून परत पाठवलंत. त्याला न्यायला माणसं आली होती, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. थंडीत कारखान्याच्या यंत्रात तेच हात घालून काळे करत बसायचा, आणि संध्याकाळी मला म्हणायचा की माझ्यात तेवढं नव्हतंच, माक्रिने, वार्देनमध्ये होतं. मी हे तुम्हाला कळवते आहे, कारण झोपेची तक्रार तुम्ही केलीत.

दगड नको. दगड मी घेतला आहे, साधा आहे, पुरतो.

कुणी नसताना येऊ नका. कुणी नसताना तुम्ही त्याला शपथ दिली होती. एकांतात तुम्ही काय देता ते आम्ही पाहिलं. तुम्ही असं करा. चहाच्या कारखान्यात दुपारी जेवणाच्या सुट्टीत जा, अजून जुने लोक आहेत, आणि झेदुबानीत बोललात ते बोला. मग ओझुर्गेतीच्या बाजारातल्या न्हाव्याकडे जा. शनिवारी जा, दुकान भरलेलं असतं. मग साम्त्रेदियाच्या स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभे राहा आणि तिथे बोला. ते नाव जिथे जिथे गेलं तिथे तिथे तुम्ही जायचं. मला कळवायची गरज नाही. तुम्ही तिथे बोललात की लोक मला सांगतील, वाईट बातमी तर ते सांगायचेच.

हे सगळं झालं की नोव्हेंबरात त्याचं वर्ष आहे. माझ्या अंगणात मांडव असेल, दोन्हीकडची सगळी माणसं असतील. दोमेंतीच्या शेजारची जागा तुमच्यासाठी ठेवली आहे, तो अलावेर्दी तुम्हाला देईल आणि तुम्ही पुन्हा बोलाल. त्या दिवशी त्याचे नातेवाईक तुमच्याकडे बघतील. मीही बघेन. पहिल्यांदाच नीट बघेन.

क्षमा मागू नका. ती माझ्याजवळ कधीच नव्हती. एर्मिलेजवळ होती, आणि तुम्ही मागायला उशीर केलात. जेवण मात्र पोटभर मिळेल.

लोभ नाही. यावे.

माक्रिने,
एर्मिलेची बायको